दोनाचं एक करताना

"किती दिवे दिसतात, काका?"

"दोन. एक हा, आणि एक त्याच्या उजव्या अंगाला."

तपासणाऱ्या मॅडमनी काकांच्या उजव्या डोळ्यापुढे धरलेली पट्टी थोडी खाली सरकवली. त्या लांबट पट्टीवर पाचरीच्या आकाराचे पारदर्शक तुकडे एकाखाली एक बसवलेले होते. एका टोकाचे पातळ, दुसऱ्या टोकाचे चांगले जाड.

"आता?"

"दोनच. पण जवळ आले."

पट्टी आणखी सरकली.

"आता एकमेकांवर चढले... थांबा. एक झाला."

काका एस.टी.तले निवृत्त वाहक. काही आठवड्यांपूर्वी सकाळी उठले तेव्हा भिंतीवर दोन घड्याळं दिसली. तेव्हापासून उजवा डोळा हाताने झाकून वावरत होते आणि जिना उतरताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवत होते. उजवं बुबुळ नाकाकडे ओढलं गेलं होतं. ओळखीच्यांनी त्यांना सांगून टाकलं होतं, 'या वयात डोळा फिरला की फिरला. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि आता त्यालाही उशीर झाला.' पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयाच्या स्क्विंट, म्हणजे तिरळेपणाच्या, ओपीडीत ते आले ते निदान कुणी खरं काय ते सांगावं म्हणून. आणि इथे टाका नाही, गोळी नाही, साध्या पारदर्शक तुकड्याने दोन दिव्यांचा एक दिवा झाला.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'उशीर'. मोठेपणीच्या तिरळेपणाकडे मी त्यामुळेच वळले. दुसऱ्या कुठल्या दुखण्यात लोक स्वतःला इतक्या सहज उशीर झाल्याचं सांगून घरी बसत असतील, असं मला वाटत नाही. लहानपणी 'मोठेपणी आपोआप जाईल' म्हणून थांबायचं. कुठे तर तिरळं मूल भाग्याचं म्हणून कौतुकही करायचं. मोठेपणी 'हे लहानपणीच करायला हवं होतं' म्हणून थांबायचं. या दोन वाक्यांमध्ये माणसाचं सगळं आयुष्य निघून जातं. म्हणून शस्त्रक्रियेची पाळी येण्याआधी, किंवा ती नको असेल तर तिच्याऐवजी, प्रौढ माणसासाठी काय काय करता येतं, ते पाहायला मी या ओपीडीत जाऊन बसले.

ज्यांना दोन दिसतं आणि ज्यांना दिसत नाही

प्रत्येक डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात, म्हणजे दोन्हींचे मिळून बारा. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या तीन जोड्या त्यांना हुकूम देतात. तिसरी जोडी बहुतेक स्नायूंचं बघते. चौथी एकच तिरका स्नायू सांभाळते, खाली बघताना तो कामी येतो. सहावी डोळा कानाकडे वळवते. एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीतला एक बैल अडला की गाडी वाकडी जाते, तसं इथे होतं. एक स्नायू ढिला पडला किंवा आखडला की त्या डोळ्याची नजर जोडीदारापासून सुटते.

नजर सुटल्यावर माणसाला काय दिसतं, हे ती कोणत्या वयात सुटली त्यावर ठरतं. लहान मुलाचा मेंदू लवचीक असतो. दोन डोळ्यांतून दोन वेगळी चित्रं यायला लागली की तो एक चित्र बाजूला सारायला शिकतो. त्यामुळे लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या बहुतेकांना दोन दिसत नाही. त्यांची खोलीची जाण मात्र कमी असते किंवा नसतेच, आणि कधी कधी तो डोळा आळशी राहतो. मोठ्या माणसाच्या मेंदूला ही सवय नव्याने लावून घेता येत नाही. चाळिशीत, साठीत डोळा फिरला की दोन बस येताना दिसतात, दोन पायऱ्या दिसतात, आणि पाय नेमका खोट्या पायरीवर पडतो.

काकांच्या नंतर खुर्चीत बसलेल्या ताई बँकेत नोकरीला होत्या. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून बाहेरच्या बाजूला झुकलेला. दोन दिसण्याचा त्रास कधीच नव्हता. "काउंटरवर समोरच्या माणसाशी बोलते आणि तो मागे वळून बघतो, मी कुणाशी बोलतेय म्हणून," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं हे रोज होतं. मी आता मान खाली घालूनच बोलते." अशा तक्रारीला आपल्याकडे दिखाऊ म्हणून बाजूला सारतात. पण माणसाची बोलण्यातली, नोकरीतली, लग्नाच्या बैठकीतली उमेद त्यात जाते. अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकांच्या अकादमीनेही प्रौढांच्या तिरळेपणावरचे उपचार निव्वळ सौंदर्यासाठीचे मानू नयेत, अशी भूमिका घेतली आहे.

काका आणि ताई यांच्या आजाराला लोक एकाच नावाने ओळखतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

लग्नाचा अल्बम घेऊन या

ओपीडीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रश्न विचारण्यात आणि मोजण्यात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "एक डोळा झाकला की दुसरं चित्र जातं का?" कोणताही एक डोळा झाकला की जात असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकाच डोळ्याने बघतानाही दोन दिसत असेल, तर मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा डोळ्याचा पृष्ठभाग तपासायचा. तो तिरळेपणाचा प्रश्नच नाही.

मग पुढचे प्रश्न. दोन चित्रं शेजारी-शेजारी की वर-खाली? दूरचं दोन दिसतं की वाचताना? सकाळी जास्त की संध्याकाळी? प्रत्येक उत्तर वेगळ्या वाटेने नेतं. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले आणि दोन दिसणं जास्त, तर थायरॉइडमुळे डोळ्यांचे स्नायू सुजलेत का ते पाहतात. सकाळी ठीक आणि दिवस कलताना पापणी जड होते, दोन दिसायला लागतं, तर मायस्थेनिया. त्यात मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोपच नीट पोचत नाही. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि पापणी वर आली, तर मायस्थेनियाच्या संशयाला बळ मिळतं. पाहायला साधी वाटणारी ही चाचणी जगभर वापरतात.

एका गृहस्थांना डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. त्यांनी मोबाइलमधून लग्नाच्या अल्बमाचे फोटो काढले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक फोटोत मान डाव्या खांद्याकडे किंचित कललेली. अंतरपाटाच्या वेळीही आणि जेवणाच्या पंक्तीतही. चौथ्या मज्जातंतूची जन्मजात दुर्बलता होती आणि इतकी वर्षं मान तिरकी करून मेंदूने ती सांभाळून घेतली होती. वय वाढलं, ती ताकद कमी पडायला लागली आणि पायऱ्या उतरताना, वाचताना चित्र वर-खाली फुटायला लागलं. मेंदूत गाठ असेल या धास्तीने ते आले होते. जुन्या फोटोंनी डॉक्टरांचा अर्धा तपास झाला आणि त्यांचा अर्धा घोर गेला.

काकांना बारा वर्षांपासून शुगर. डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मधुमेहाने, रक्तदाबाने खराब होतात आणि तंतू अचानक काम थांबवतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या उतारवयातल्या माणसांमध्ये हे कारण नेहमी सापडतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर आहे. त्यामुळे असे काका प्रत्येक तालुक्यात असणार. यातली चांगली गोष्ट अशी की हा डोळा बहुतेकांमध्ये तीन ते सहा महिन्यांत आपोआप पूर्ववत होतो. तोवर शुगर आणि बीपी ताब्यात ठेवायचे आणि रुग्णाला रोजचे व्यवहार करता येतील अशी सोय करायची. अशा वेळी घाईने शस्त्रक्रिया केली आणि नंतर तंतू सुधारला, तर डोळा उलट्या बाजूला जाईल.

पण एक लक्षणसमूह असा आहे की तिथे तासही दवडायचा नाही. अचानक दोन दिसणं, सोबत पापणी पडणं, बाहुली मोठी होणं, जोराची डोकेदुखी. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या मज्जातंतूवर दाब देत असल्याची ती खूण असू शकते. दोन दिसण्यासोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळे पडले, तर पक्षाघात धरूनच थेट मोठं रुग्णालय गाठायचं. चष्म्याच्या दुकानात जायची ती वेळ नव्हे.

कारणावरचा उपाय हाच पहिला उपाय

मायस्थेनिया असेल तर पायरिडोस्टिग्मिन नावाच्या गोळीने आणि गरज पडल्यास प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांनी अनेकांचं दोन दिसणं कमी होतं. थायरॉइडचा डोळा असेल तर संप्रेरकांची पातळी ताळ्यावर आणायची आणि सिगारेट, विडी सोडायची. धूम्रपानाने हा आजार बळावतो, हे पक्कं ठाऊक आहे. सूज चढती असताना शिरेतून स्टेरॉइड देतात. टेप्रोटुमुमॅब हे नवं औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालं. ते फार महाग आहे. थायरॉइडची सूज चढ-उतार करत असते, म्हणून ती स्थिर होईपर्यंत स्नायूंच्या शस्त्रक्रियेला डॉक्टरही तयार नसतात. या काळात दोन दिसण्यावर बिनशस्त्राचेच उपाय कामी येतात.

कधी कारण चष्म्यातच दडलेलं असतं. ज्यांना मोठा प्लस नंबर आहे आणि जे चष्मा टाळतात, त्यांना स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्यांवर जोर द्यावा लागतो. त्या जोरासरशी डोळे आत ओढले जातात. योग्य नंबरचा चष्मा लावला की यातल्या काहींचा डोळा सरळ राहतो. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवणारी कॉन्टॅक्ट लेन्स काहींना अगदी मानवते, पण आधीच जुळणी कच्ची असलेल्यांना तिनेच दोन दिसायला लागतं. लेन्स बदलली की प्रश्न मिटतो. तरुणांमध्ये मोबाइलचा विषय निघतोच. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये तासन् तास मोबाइल डोळ्यांजवळ धरणाऱ्या १२ मुलांच्या अचानक आलेल्या तिरळेपणाची नोंद केली होती. मोबाइल कमी केल्यावर त्यांचा डोळ्याचा कोन कमी झाला. एवढ्यावरून सगळा दोष मोबाइलला देता येणार नाही. पण डोळा अधूनमधून आत जायला लागलेल्या तरुणाला फोन हातभर दूर धरायला आणि मध्ये मध्ये खिडकीबाहेर बघायला सांगण्यात काहीच तोटा नाही.

प्रिझम: चित्र सरकवणारी काच

काकांपुढे धरलेली पट्टी म्हणजे प्रिझम बार. प्रिझम डोळ्याला हलवत नाही, तो प्रकाशाला वळवतो. सुटलेल्या डोळ्याची नजर जिकडे गेली आहे तिकडेच चित्र नेऊन ठेवतो. एक मीटर अंतरावर प्रकाश एक सेंटिमीटर सरकवणाऱ्या प्रिझमची ताकद एक प्रिझम डायॉप्टर. काकांचा डोळा आत गेलेला, म्हणून काचेची जाड बाजू कानाकडे. डोळा बाहेर गेलेला असेल तर जाड बाजू नाकाकडे.

कोन लहान असेल तर प्रिझम चष्म्याच्या काचेतच घडवून घेता येतो. तो दोन्ही डोळ्यांत वाटून टाकला की काच फार जाड होत नाही आणि पाहणाऱ्याला कळतही नाही. उतारवयातल्या एका प्रकाराला याचा फार फायदा होतो. वयाबरोबर चेहऱ्याची कातडी सैल होते, तशा डोळ्यांच्या स्नायूंना जागच्या जागी धरणाऱ्या आतल्या पट्ट्याही सैल होतात. स्नायू किंचित खाली घसरतात आणि दूरचं दोन दिसायला लागतं. पेपर एकच दिसतो, पण टीव्ही आणि समोरून येणारी रिक्षा दोन. लॉस एंजेलिसच्या जोसेफ डेमर यांच्या संशोधनामुळे गेल्या दीड-दोन दशकांत हा प्रकार नीट ओळखला जाऊ लागला. अशा आजी-आजोबांना मेंदूच्या आजाराची धास्ती असते. पुष्कळांचं काम थोड्याशा प्रिझमने भागतं.

काकांचा कोन मोठा होता आणि महिन्या-महिन्याला बदलणार होता. काचेत घडवलेला प्रिझम तोवर निरुपयोगी झाला असता. त्यांना मिळाली फ्रेनेल पट्टी. दीपगृहांच्या भिंगांसाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांनी जाड भिंगाचं काम पातळ कड्यांच्या मालिकेतून करून घेतलं होतं. तेच तत्त्व वापरून जाड प्रिझमऐवजी शेजारी-शेजारी बारीक प्रिझमांच्या ओळी असलेली जेमतेम एक मिलिमीटर जाडीची लवचीक पट्टी बनते.

ती बसवणं मी टेबलाशी उभी राहून पाहिलं. मॅडमनी काकांच्या चष्म्याची उजवी काच ट्रेसिंग कागदावर गिरवली, वर कानाकडची बाजू बाणाने दाखवली. पट्टीवर तो आकार ठेवून धारदार कात्रीने कापला आणि कडा पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. मग भांड्यातल्या पाण्यात काच बुडवून पाण्याखालीच पट्टीची गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला टेकवली आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत हवेचे बुडबुडे बाहेर काढले. गोंद लागत नाही, पाण्यानेच ती चिकटते. "काका, हिला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. फडक्याने खसाखसा पुसायचं नाही. निघाली तर फेकू नका, घेऊन या."

काकांनी चष्मा घातला. पट्टीच्या ओळींमुळे उजव्या डोळ्याला थोडं धूसर दिसतं, दिव्याभोवती रेघा दिसतात. हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. उजवीकडे वळून बघितलं की अजून दोन दिसत होतं, कारण कमजोर स्नायूच्या बाजूला कोन वाढतो. "डोळे नको, मान वळवा," मॅडम म्हणाल्या. समोरचं आणि वाचायचं एक झालं, तेवढ्यावर काकांनी बायकोच्या खांद्यावरचा हात काढला.

हे सगळं ऐकून ताईंनी विचारलं, "मग मलाही प्रिझमच द्या ना." मॅडमनी शांतपणे समजावलं. प्रिझम चित्र सरकवतो, डोळा सरळ करत नाही. ताईंना दोन दिसतच नाही, तेव्हा एक करण्यासारखं काही नाही. प्रिझम लावून बाहेरून बघणाऱ्याला त्यांचा डोळा सरळ दिसणार नाही.

झाकायचा डोळा

ज्यांचा कोन प्रिझमच्या आवाक्याबाहेर आहे, किंवा चित्र तिरकं वळलेलं आहे आणि प्रिझमने ते सरळ होत नाही, त्यांच्यासाठी एक डोळा झाकणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. काळी पट्टीच बांधायला हवी असं नाही. चष्म्याच्या एका काचेच्या आतून दुधाळ चिकटपट्टी लावली की त्या डोळ्याचं चित्र पुसट होतं आणि मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. स्विस नेत्रतज्ज्ञ बांगेर्टर यांच्या नावाच्या धूसर पट्ट्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. त्यातून डोळा बाहेरच्याला दिसत राहतो आणि लोकांच्या चौकशा टळतात. दोन चित्रं फक्त खाली बघताना दिसत असतील तर काचेच्या खालच्या भागातच पट्टी लावायची, बाकीची काच मोकळी.

मोठ्या माणसाने डोळा झाकल्याने तो लहान मुलासारखा आळशी होत नाही. मात्र एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. चहा कपाबाहेर सांडतो, पायरीची कड कळत नाही. झाकलेल्या बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही, म्हणून सवय होईपर्यंत गाडी चालवायची नाही. दोन दिसत असताना तर नाहीच नाही.

मण्यांची दोरी

व्यायामाने तिरळेपणा जातो, असं सांगणाऱ्या जाहिराती खूप आहेत. ओपीडीत मात्र व्यायाम मोजक्या लोकांना देतात. वाचताना डोळे नाकाकडे वळवून जवळच्या अक्षरावर टिकवून ठेवता येत नाहीत, अक्षरं पसरतात, कपाळ दुखतं, दहा मिनिटांत पुस्तक मिटावंसं वाटतं, ती अभिसरणाची कमजोरी. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांमध्ये ती नेहमी सापडते. साधारणपणे बोट नाकापासून सहा ते दहा सेंटिमीटरवर येईपर्यंत एकच दिसायला हवं. यांच्यात ते वीस-पंचवीसवरच फुटतं.

अशा एका तरुणाला शिकवताना मी पाहिलं. दोरीत तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याशी. मधल्या मण्याकडे बघितलं की तो एक दिसायला हवा आणि दोरी दोन होऊन त्या मण्यावर फुलीसारखी छेदायला हवी. एकच दोरी दिसली तर एक डोळा गप्प बसलाय. फुली मण्याच्या पुढे किंवा मागे पडली तर नजर तिथे पोचलेली नाही. ही चाचणीही आहे आणि व्यायामही. फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावाने ती ओळखली जाते. पेन्सिल हळूहळू नाकाजवळ आणत एक ठेवणं, टिंबांचं कार्ड, चित्रांच्या जोड्या एकत्र करणं, हे व्यायाम त्याच जातीचे.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. दवाखान्यात दर आठवड्याला प्रशिक्षकासमोर आणि बाकी दिवस घरी, असे बारा आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. फक्त घरी पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि खोट्या व्यायामाच्या गटात ३५ टक्के. म्हणजे कुणीतरी समोर बसून करून घेण्याला मोल आहे. मोठ्यांवरचा पुरावा यापेक्षा तोकडा आहे. तरीही प्रौढांमध्ये हे व्यायाम वापरतात आणि चाळिशीनंतर वाचायच्या चष्म्यात नाकाकडे जाड बाजू असलेला प्रिझमही देतात.

पण काकांचा लुळा पडलेला तंतू मण्यांनी जागा होणार नाही. थायरॉइडने ताठरलेला स्नायू पेन्सिलने सैल होणार नाही. ताईंचा लहानपणापासूनचा मोठा कोन डोळे गरागरा फिरवून सरळ होणार नाही. विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये चष्म्याविना दृष्टी सुधारण्याचं पुस्तक काढलं. तळव्यांनी डोळे झाकणं, उन्हाकडे बघणं यांसारखे त्यांचे उपाय आजही फिरतात. विज्ञानाने त्यांना दुजोरा दिलेला नाही आणि सूर्याकडे बघण्याने डोळ्यातल्या पडद्याला इजा होते. ज्यांना दोन दिसत नाही हेच वरदान आहे, त्यांनी नुसते व्यायामाचे व्हिडिओ बघून मेंदूची एक चित्र बाजूला सारण्याची सवय मोडायला जाऊ नये. सवय मोडली आणि चित्रं जुळली नाहीत, तर कायमचं दोन दिसण्याची वेळ येते.

तरीही मेंदूबद्दल आशा धरायला एक उदाहरण पुरेसं आहे. सुझन बॅरी या अमेरिकेतल्या मज्जाविज्ञानाच्या प्राध्यापिका. तान्ह्या वयापासून तिरळेपणा, लहानपणी शस्त्रक्रियांनी डोळे बऱ्यापैकी सरळ झालेले, पण खोली कधीच दिसली नव्हती. अठ्ठेचाळिशीत त्यांनी प्रशिक्षणाखाली डोळ्यांचे व्यायाम केले आणि जगाला खोली आल्याचं त्यांना जाणवलं. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, पुढे त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं. सगळ्यांना हे साधेल असं त्यातून निघत नाही. ठरावीक वयानंतर मेंदूची दारं कडेकोट बंद होतात, हा समज मात्र त्याने ढिला झाला.

सुईने सैल केलेला स्नायू

ताईंसाठी डॉक्टरांनी दोन पर्याय मांडले, शस्त्रक्रिया किंवा बोटुलिनमचं इंजेक्शन. सुरकुत्यांच्या इंजेक्शनचं नाव ऐकून ताई दचकल्या. खरं तर हे औषध आधी तिरळेपणाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. अन्नातून विषबाधा करणारं हे विष अत्यल्प प्रमाणात माकडांच्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचून त्यांनी १९७३ मध्ये निष्कर्ष मांडले आणि १९८० मध्ये माणसांवरचे. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. तेव्हाचं नाव ऑक्युलिनम. बोटॉक्स हे नाव नंतर आलं आणि सुरकुत्यांची परवानगी तर त्याहून कितीतरी उशिरा.

स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन हे औषध अडवून धरतं. जास्त ओढणारा स्नायू दोन-तीन दिवसांत सैल पडायला लागतो, आठवडा-दोन आठवड्यांत परिणाम पुरता चढतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. मधल्या काळात समोरचा स्नायू आखडून नव्या लांबीला सरावतो, म्हणून काहींमध्ये औषध गेल्यावरही डोळा बराच सरळ राहतो. बाकीच्यांना पुन्हा टोचून घ्यावं लागतं. डोळ्यात भूल देणारे थेंब टाकून, स्नायूची विद्युत हालचाल ऐकवणाऱ्या यंत्राच्या मदतीने बारीक सुई स्नायूपर्यंत नेतात. दहा-पंधरा मिनिटांत माणूस बाहेर येतो. काही आठवडे पापणी पडणं, डोळा तात्पुरता उलट्या बाजूला जाणं किंवा वर-खाली होणं हे त्याचे नेहमीचे त्रास, आणि ते ओसरतात. सुईने डोळ्याला इजा होणं क्वचित, पण शक्य आहे. म्हणून हे सराईत हातांचंच काम.

मोठ्या कोनापेक्षा लहान-मध्यम कोनात, नव्याने आत गेलेल्या डोळ्यात आणि शस्त्रक्रियेनंतर थोडा राहिलेला कोन काढताना याचा उपयोग जास्त. आणखी एक उपयोग आहे. डोळा सरळ केल्यावर ताईंना दोन दिसायला लागेल का, हे आधी प्रिझम धरून आणि शंका उरलीच तर तात्पुरत्या इंजेक्शनने अजमावता येतं. कायमचा निर्णय घेण्याआधी माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी परिणाम पाहता येतो.

थांबायचं कुठे

बिनशस्त्राचे उपाय शस्त्रक्रियेचे वैरी नाहीत. मोठा कोन, सहा-आठ महिने न बदललेला लुळेपणा, फार तिरकी धरावी लागणारी मान, यांना शस्त्रक्रियाच सर्वांत चांगली, आणि ती साठीतही होते. ताईंनी शेवटी तीच निवडली. पण निवडली, कारण प्रत्येक उपाय काय देतो आणि काय देत नाही, हे त्यांना मोजून दाखवलं गेलं होतं. काकांची गोष्ट वेगळी. दर भेटीत कोन कमी होत गेला, पट्टी दोनदा बदलून हलकी झाली आणि सोबत शुगरची वहीही सुधारत गेली.

या सगळ्याला यंत्रं फारशी लागत नाहीत. लागतो तो प्रिझम बार, एक दिवा, मण्यांची दोरी आणि अर्धा-पाऊण तास शांतपणे मोजणारा माणूस. हा माणूस म्हणजे ऑर्थोप्टिस्ट किंवा या कामात मुरलेला ऑप्टोमेट्रिस्ट. मोठ्या शहरांबाहेर तो सहजी भेटत नाही. मोतीबिंदूची शिबिरं महाराष्ट्राने गावोगाव नेली, तशी ही मोजणी जिल्हा रुग्णालयांपर्यंत न्यायला हवी. मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत 'दोन दिसतं का?' हा एक प्रश्न विचारायला तर पैसाही लागत नाही.

तोवर घरच्यांनी करायच्या गोष्टी सोप्या आहेत. डोळा नव्याने फिरला, दोन दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जुना तिरळेपणा असेल तर 'आता काय' हा विचार सोडून एकदा स्क्विंट ओपीडीत जावं, जुने फोटो आणि जुने चष्मे सोबत न्यावेत, आणि विचारावं: कारण काय सापडलं, कोन किती आहे, तो बदलतोय की थांबलाय, प्रिझम धरून दाखवाल का, इंजेक्शनने काय होईल, काहीच केलं नाही तर काय होईल. एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत, वय कितीही असो, उशीर झाला असं कुणीही ठरवू नये. रुग्णाने नाही, नातेवाइकांनी नाही आणि डॉक्टरांनी तर मुळीच नाही.